छत्रीवालीची किनार

"मेली गं पुन्हा!" म्हणत नानांनी कीबोर्ड पुढे ढकलला.

"ढकलू नका, वायर निघेल," मी म्हटलं.

"पण एवढा मोठा खड्डा हिला दिसत नाही? डोळे आहेत, हातात छत्री आहे."

"तिला नाही, तुम्हाला दिसायला हवा. उडीचं बटण तुम्ही दाबायचं असतं."

स्वयंपाकघरातून अम्माचा आवाज आला. "सकाळपासून मरायलीय ती. एकदाचे दिवस घालून टाका तिचे, म्हणजे भाकरी खायला तरी उठाल."

नाना हसले. हसताना ते चष्मा कपाळावर सरकवत आणि डोळे पुसत. त्या दिवशीही तसेच हसले. रविवार होता. खालच्या गल्लीत कुणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याचा मांडव घालत होते आणि बांबू ठोकल्याचे आवाज येत होते. अम्माने शेंगा भाजल्या होत्या. इतकं सगळं लक्षात आहे. कारण नंतर मी तो दिवस पुन:पुन्हा उघडून पाहिला आहे. पाहताना दर वेळी वाटतं, किती साधा होता.

नाना म्हणजे माझे वडील, मल्लेशम मास्तर. सोलापुरातल्या एका चादर कारखान्यात त्यांनी उभी हयात ग्राफ काढण्यात घालवली. चादरीवरचा मोर, फूल, कोयरी, जे काही असेल ते आधी कागदावरच्या बारीक चौकोनांत भरायचं. मग त्या चौकोनांबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. ते पुठ्ठे दोऱ्याने एकमेकांना शिवून त्यांची लांब माळ करायची आणि ती मागावर चढवायची. माग एकेक पुठ्ठा वाचत जातो आणि त्याप्रमाणे धागे उचलत जातो. नानांनी काढलेले ग्राफ, अम्माने घरी बसून शिवलेल्या माळा. आमच्या घरात संसार म्हणजे हेच होतं. पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आला, तयार नक्ष्या बाहेरून येऊ लागल्या आणि नाना घरी बसले. त्यानंतर त्यांनी पेन्सिलीला हात लावला नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. लग्न केलं नाही. आईवडिलांपाशीच राहत होते. माझ्या लहानपणी टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम होता घरात, मंगळवार बाजारातून आणलेला. त्यात एक पिवळी कॅसेट होती. एक मुलगी छत्री घेऊन डावीकडून उजवीकडे चालत जाते, खड्डे ओलांडते, कावळे चुकवते आणि शेवटी दगडी दरवाजापाशी पोचते. दरवाजाला हात लागला की खेळ संपला. गेमचं नाव जपानी लिपीत होतं, ते आम्हाला कधीच वाचता आलं नाही. आम्ही तिला छत्रीवाली म्हणायचो. कॅसेट केव्हाच निकामी झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत त्याच गेमची नक्कल मी कॉम्प्युटरवर चालवली, सहज, जुनी आठवण म्हणून. नाना शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"जपानात कुणीतरी."

"कागदावर?"

मला माहीत नव्हतं. पण असल्या जुन्या गेमची फाइल उघडून आतली चित्रं बदलणारे लोक जगभर आहेत, एवढं मी वाचलं होतं. रॉम हॅक म्हणतात त्याला. त्यासाठी लागणारा एक लहानसा प्रोग्रॅम मी उतरवून घेतला आणि छत्रीवालीची फाइल त्यात उघडली.

सगळं तिथे होतं. अख्खं जग चौकोनांत मांडून ठेवलेलं. एका चौकोनात छत्रीचं टोक, दुसऱ्यात पायाची टाच, एकात कावळ्याचा अर्धा पंख. डोंगर, ढग, विटा, दरवाजाचे दगड, सगळ्यांचे तुकडे रांगेने ठेवलेले. धान्य निवडायला सुपात पसरावं तसे. जो ढग होता तोच खाली हिरवा रंग देऊन झुडूप म्हणून वापरला होता. लहानपणी तासन्‌तास ते बघूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

नाना खुर्चीतून उठले. पडद्याच्या अगदी जवळ गेले. बोटाने चौकोन मोजले.

"आठ बाय आठ," ते म्हणाले. मग रंग मोजले. "आणि चारच रंग. त्यातला एक नुसता जमिनीचा, नक्षीमागचा." "अरे देवा. हे तर आपलंच काम आहे, बिड्डा."

आमच्या घरी मराठीत असे काही तेलुगू शब्द मिसळलेले असत. बिड्डा म्हणजे लेकरू. मी चाळिशीला आले होते तरी त्यांचं लेकरूच होते.

त्यानंतर ते रोज बसू लागले. माउस धरायला हात थरथरायचा, तरी चौकोन भरताना थरथरत नसे. विटांच्या जागी त्यांनी चादरीतला कंगोऱ्यांचा पट्टा भरला. कावळ्यांचे पोपट केले. छत्रीवालीच्या परकराला काठ आला. मग त्यांना वाटेचा शोध लागला. गेममधली प्रत्येक वाट म्हणजे आकड्यांची एक लांब रांग. अमुक आकडा म्हणजे जमीन, अमुक म्हणजे खड्डा, अमुक म्हणजे झाड. मी एका परदेशी वेबसाइटवर वाचून त्यांना सांगत होते, पण ते माझ्या पुढे धावत होते. एकेक आकडा बदलायचे, खेळ सुरू करून बघायचे, मान हलवायचे. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्याची गरजही पडली नाही. आकड्यांची रांग ते ग्राफसारखी नजरेने वाचत.

त्या रविवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "दुपारी मी एकटा बसणार. हेमा, तू मागे उभी राहायचं नाहीस."

"का? चुका दिसतात म्हणून?"

"तू फुशारकीने सांगायला लागतेस म्हणून."

"शिकवणारणीला असं बोलतात होय?"

"फी घेतलीस का कधी? फुकटच्या मास्तरणीला इतकाच मान."

अम्माने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "दरवाजाच्या पुढं काय आहे ते बघा म्हणावं एकदा. पोचते आणि संपतंय. मी कधी बघावं म्हटलं तर खेळ खलास."

"दरवाजाच्या पुढं काही नाही, राजव्वा. तिथं जग संपतं."

"संपतं म्हणजे? असं तोडल्यासारखं?"

नाना जेवून उठले आणि दुपारभर दार लोटून बसले. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. "दाखवा," मी म्हटलं. "उद्या," ते म्हणाले. "आज डोळे दमले."

पहाटे अम्माने हाक मारली. मी गेले तोवर नाना गेले होते. झोपेतच. कूस वळल्यासारखे दिसत होते.

*

दिवस झाले, पाहुणे परतले, घर पुन्हा आमच्या दोघींचं झालं. अम्मा रडली नाही. तिने कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली आणि त्या खोलीत केर काढायलाही जाईना. मी कामावर जाऊ लागले. ग्रंथालयात लोक हलक्या आवाजात माझी चौकशी करायचे आणि मी ठीक आहे म्हणायचे. दु:खाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी अम्मा देवळात गेली असताना मी चादर काढली. नानांनी त्या दुपारी काय केलं ते मला बघायचं होतं. फाइल होती. तारीख त्याच रविवारची. मी ती सुरू केली.

पडदा करडा झाला आणि करडाच राहिला.

बंद केली, पुन्हा सुरू केली. तेच. ना छत्रीवाली, ना आवाज. फाइल होती, तिच्यात त्यांची अख्खी दुपार होती, आणि ती उघडत नव्हती. एखाद्या बंद खोलीच्या दाराला कान लावावा तशी मी त्या करड्या पडद्यासमोर बसले होते.

आदल्या आठवड्याच्या फाइली चालत होत्या. त्यांत पोपट होते, काठाचा परकर होता. फक्त शेवटची मुकी होती.

मी त्या परदेशी वेबसाइटवर विचारलं. दुसऱ्या दिवशी कुणी अनोळखी माणसाने उत्तर दिलं, फार आपुलकीने. तुमची फाइल मूळ फाइलपेक्षा मोठी झाली आहे, त्याने लिहिलं होतं. या गेममध्ये प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असते. मशीन पत्त्यावरून जातं. अमक्या घरी चित्र, तमक्या घरी आवाज. मध्ये चार घरं नवी बांधली की पुढच्या सगळ्यांचे पत्ते चुकतात आणि मशीन भलत्याच दारात जाऊन उभं राहतं. नवशिके ही चूक करतात. जास्तीचा भाग शोधा आणि पुसून टाका. गेम पुन्हा चालेल.

आदल्या आठवड्याची चालणारी फाइल आणि नानांची शेवटची फाइल मी शेजारी शेजारी उघडल्या. आकड्यांच्या ओळी वरून खाली. बराच वेळ दोन्हीकडे सारखंच होतं. मग एके ठिकाणी त्या वेगळ्या झाल्या. शेवटच्या वाटेच्या टोकाला, दरवाजाच्या अगदी अलीकडे, शेवटच्या फाइलमध्ये भरपूर आकडे जास्तीचे होते. ते संपले की खाली पुन्हा आधीचेच आकडे, बहुतेक जसेच्या तसे, फक्त सरकलेले. जास्तीचा भाग मी निवडला. तो निळा झाला. पुसायचं बटण माझ्या बोटाखाली होतं.

"काय पुसायलीस?"

अम्मा दारात उभी होती. हातात देवळातला प्रसाद. त्या खोलीच्या उंबऱ्याशी ती कितीतरी दिवसांनी आली होती.

"नानांची चूक," मी म्हटलं. "यामुळे चालत नाहीये."

"कसली चूक?"

मी सांगितलं, जमेल तसं. की त्यांनी वाटेच्या मध्ये आकडे घुसवले, त्यामुळे पुढचं सगळं सरकलं आणि मशीनला काही सापडेना. ऐकता ऐकता ती आत आली आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"चूक कशी असेल?" ती म्हणाली. "पुठ्ठे घातलेत त्यांनी."

"म्हणजे?"

"चादर लांब करायची झाली तर काय करतात? माळ उसवायची, मध्ये नवे पुठ्ठे घालायचे, पुन्हा शिवायची. पुढचे पुठ्ठे सरकतात, सरकू देत. मागाला काय, एकामागून एक वाचत जायचं. तो कशाला पत्ता विचारतोय?" ती त्या निळ्या भागाकडे बघत होती. "असे किती उसवून शिवलेत मी. पुसू नकोस, हेमा. त्यांनी काहीतरी लांब केलंय."

मी बटणावरून बोट काढलं.

आता माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या. पुसावं, तर छत्रीवाली चालेल, पण नानांचं शेवटचं काम जाईल. ठेवावं, तर काम राहील, पण कुणालाच कधी दिसणार नाही. मी त्या अनोळखी माणसाला पुन्हा लिहिलं. पुसायचं नसेल तर काही उपाय आहे का? त्याचं उत्तर यायला वेळ लागला. उपाय आहे, त्याने लिहिलं, पण शिकावं लागेल.

मग मी शिकले. संध्याकाळी कामावरून येऊन, हातपाय धुऊन, नानांच्या खुर्चीत बसून. अम्मा शेजारी शेंगा सोलत बसायची. विचारायची काही नाही, पण उठून जायची नाही.

मला जे कळलं त्याचं आश्चर्य आजही ओसरलेलं नाही. प्रत्येक वाट कुठून सुरू होते याचे पत्ते त्या फाइलमध्ये एका जागी लिहून ठेवलेले असतात. आणि फाइलच्या अगदी शेवटी जागा रिकामी असते. ज्यांनी गेम बनवला त्यांना जी लागली नाही ती. मी खाली खाली गेले. वेगवेगळे आकडे संपले आणि मग दोन आकड्यांची एकच एक जोडी, ओळीमागून ओळ, कुणी न विणलेल्या ताण्यासारखी. ही जागा इतकी वर्षं तशीच होती. मी शाळेत असताना, पिवळी कॅसेट फुंकर मारून खोचत होते तेव्हाही, तिच्यातल्या चिपच्या टोकाशी हे एवढं अंगण मोकळं पडलेलं होतं.

म्हणजे नानांची शेवटची वाट अख्खी उचलायची, त्यांनी घातलेल्या आकड्यांसकट, आणि त्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवायची. तिच्या जुन्या जागेत आधीचे होते तेवढेच आकडे ठेवायचे. आणि पत्त्यांच्या यादीत तिचा पत्ता बदलायचा. बस. कुणाचंच घर सरकत नाही.

पहिल्यांदा करडा पडदा आला. दुसऱ्यांदा छत्रीवाली आली, पण शेवटच्या वाटेवर पाऊल ठेवताच जमीन नाहीशी होऊन आभाळात विटांचा ढीग उभा राहिला. अम्मा घाबरली. "काय झालं तिला?"

"पत्ता चुकला."

"नीट लिही की मग."

पत्ता उलटा लिहायचा असतो. आधी मागचा अर्धा, मग पुढचा. हे मी वाचलं होतं आणि विसरले होते. तो शनिवार होता, दुपारची उन्हं खिडकीतून फरशीवर आलेली. मी दोन जोड्यांची अदलाबदल केली, फाइल जतन केली आणि सुरू केली.

छत्रीवाली आली.

मी खेळत शेवटच्या वाटेपर्यंत नेलं तिला. खड्डे गेले, पोपट गेले. दरवाजा जिथे असायला हवा तिथे दरवाजा नव्हता. वाट पुढे चालू होती. खड्डा नाही, पोपट नाही, झाड नाही. सपाट, स्वच्छ. मी उजवीकडचं बटण दाबून धरलं आणि ती चालत राहिली.

मग पडद्याच्या उजव्या कडेकडून एक बारीक उभी रेघ आली. तिच्यामागून एक जाड. मग पुन्हा बारीक. खालपासून आभाळाच्या टोकापर्यंत, सलग. छत्रीवाली त्यांच्यामधून चालत होती आणि सगळं डावीकडे सरकत होतं, विणलेलं कापड गुंडाळीवर चढत जातं तसं. रेघांमागून कंगोरे आले. कंगोऱ्यांमागून चौकटी. पडद्यावर आभाळ, जमीन काही उरलं नाही. नुसतं विणकाम.

अम्मा शेंगांचं सूप खाली ठेवून उभी राहिली.

"किनार आहे ही," ती म्हणाली. "चादरीची किनार."

मी बटण सोडलं नाही.

"किनार केल्याशिवाय चादर कापत नाहीत. नुसती कापली तर उसवत जाते." तिचा आवाज बदलला होता. "त्यांनी तिला किनार केली."

चौकटींमागून एक नक्षी आली. तीच पुन:पुन्हा, वरपासून खालपर्यंत, एकाखाली एक. मी थांबले. छत्रीवालीही थांबली.

"ही कुठल्या चादरीवरची?" मी विचारलं.

अम्मा पडद्याजवळ गेली. नानांच्या सगळ्या नक्ष्यांच्या माळा तिच्या हातून गेलेल्या. कुठला मोर कुठल्या वर्षी, कुठली वेल कुठल्या मालकाला नको होती, सगळं तिला ठाऊक. तिने त्या नक्षीवर बोट ठेवलं, बोट तिच्या वळणावरून फिरवलं.

"कुठल्याच नाही," ती म्हणाली.

"नीट आठव."

"आठवायला काय? हे फूल नाही. कोयरी नाही. मोर नाही. हे मी शिवलेलंच नाही कधी." ती माझ्याकडे वळली. डोळे भरून आले होते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "नवीन आहे, हेमा. त्यांनी नवीन काढलं."

मी ती नक्षी पाहत राहिले. तिला नाव देता येत नव्हतं. जवळून ती पाण्यासारखी हलल्यागत वाटायची, मागे सरकून पाहिलं की उमलल्यागत. आठ बाय आठच्या चौकोनांत, चार रंगांत, त्यातला एक नुसता जमिनीचा. पेन्सिल खाली ठेवलेल्या माणसाने, एका दुपारी, दार लोटून. याआधी जगात कुठेही नव्हती ती.

"रात्री झोपताना हसत होते," अम्मा म्हणाली. "मी विचारलं, काय झालं? म्हणाले, हात अजून चालतोय." पदराने तिने डोळे टिपले. "तुला मात्र कधी ग्राफला हात लावू दिला नाही त्यांनी. पेन्सिल उचललीस की काढून घ्यायचे. म्हणायचे, हिचे डोळे पुस्तकांसाठी राखायचेत. आणि तू पण गुपचूप जाऊन पुस्तक घेऊन बसायचीस. तुला कुठं आवड होती त्याची."

पुढे अजून वाट होती. दरवाजा दिसत नव्हता. खोलीत ऊन होतं आणि त्या उन्हात पडद्यावरची नक्षी फिकी न होता उभी होती. नानांची खुर्ची माझ्या अंगाखाली होती. मी बटणावरून हात काढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि अम्माकडे न बघता, समोर बघत, मोठ्याने म्हणाले,

"नाना, मला तुमचं काम शिकायचं होतं. लहान होते तेव्हापासून, नाना. मला हेच शिकायचं होतं."